दोरैकाकांचा किनारा

तंजावरच्या मोठ्या देवळासमोर पांढऱ्या केसांचा कुणी गोरा माणूस बसमधून उतरला की दोरैकाका त्याच्या वाटेत उभे राहायचे आणि एकदम विचारायचे, "समुद्रातल्या लाकडी धक्क्यावर काचेच्या पेटीत एक खलाशी होता. नाणं टाकलं की खदाखदा हसायचा. तुम्हाला आठवतो का?"

तो माणूस गोंधळायचा. मग हा म्हातारा काहीतरी विकतोय असं समजून हात हलवत निघून जायचा. निघून जायचा म्हणजे माझ्या दुकानासमोरूनही निघून जायचा, आणि माझा राग तिथून सुरू व्हायचा. तंजावरची तबकं आणि मान डोलवणाऱ्या बाहुल्या मी विकतो. पापनाशमच्या फलाटावर डोक्यावर टोपली घेऊन ओरडत मी इथवर आलो. मला कुणी दुकान मांडून दिलं नाही. गिऱ्हाईकानं वस्तू हातात घेतली की आपण गप्प बसायचं, ती वस्तू त्याला आवडू द्यायची, हे मी उपाशी राहून शिकलो. नेमके त्या गप्प बसण्याच्या क्षणी काका खलाशाची चौकशी करत यायचे.

"काका, देवळाला चार बाजू आहेत. माझ्याच पुढ्यात का?"

"बस येथेच थांबते, सेतू. बसवाल्यास सांग, मज कशास सांगतोस?"

दोरै म्हणजे तमिळमध्ये गोरा साहेब. काका चांगले काळेसावळे होते, पण वेष्टीखाली, म्हणजे आपल्या धोतराखाली, मोजे आणि बूट घालायचे, तेही चैत्रवैशाखात, म्हणून गल्लीनं नाव ठेवलं. कुणी लंडनचा म्हटलं की मात्र ते उसळायचे. "लंडन मी बोटीवरून उतरल्यावर एक रात्र पाहिलें. माझं गाव समुद्रकाठचं, लहानसं!" त्यांचे वडील तिथल्या इस्पितळात डॉक्टर होते. काका अगदी लहान असताना तिथं गेले आणि लढाई सुरू झाली तेव्हा, अकरा वर्षांचे असताना, परत आले. त्यांचं इंग्रजी तिथंच थांबलं. सरकारी कचेरीत जन्मभर कारकुनी केलेला हा माणूस इंग्रजी बोलायला लागला की शाळेतला मुलगा बोलतोय असं वाटायचं. त्यांची धाकटी सावत्र बहीण जानकीबाई, जिचा जन्म इथला, ती म्हणायची, "पन्नास वर्षं झाली रे, हा अजून बोटीवरून उतरला नाही."

त्या गावाची एकेक वस्तू मला पाठ झाली होती. आतून बाहेरून गावाचं नाव लिहिलेली साखरेची कांडी. कितीही चघळली तरी नाव संपायचं नाही. वाळूवर मुलांना फिरवणारी गाढवं. पट्ट्यापट्ट्यांच्या तंबूत एकमेकांना बडवणाऱ्या बाहुल्या. शनिवारी येणारा चित्रांचा अंक, जो शेजारच्या मुलाबरोबर अर्धा अर्धा वाचायचा. चहाच्या दुकानात काचेखाली ठेवलेलं दोन डोक्यांचं मेंढीचं पिल्लू. कागदात गुंडाळलेल्या तळलेल्या माशाचा वास. "खाल्ला नाही हं," काका लगेच सांगायचे. "वास घेतला. वासास कसलं आलं सोवळं?"

मी एकदा वैतागून म्हटलं, "तुम्हाला आठवतंय ना सगळं? मग दुसऱ्याला आठवलंच पाहिजे, हा हट्ट कशाला?"

दुपारचं ऊन होतं, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. काका माझ्या स्टुलावर बसले आणि पहिल्यांदाच आईबद्दल बोलले. ती तिथं कुणाशी बोलायची नाही. तिला भाषा येत नव्हती. दिवसभर खिडकीशी बसायची. फक्त शनिवारी धक्क्यावर गेलं की खलाशाच्या पेटीत नाणं टाकायला सांगायची, आणि तो हसायला लागला की तीही हसायची, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. लोक गोळा व्हायचे. पेटीकडं नाही, तिच्याकडं बघत. मग एका थंडीत ती तिथंच वारली. "हिरवं लुगडं नेसलेली बाई त्या गावांत दुसरी नव्हती, सेतू. कोणा पोरानं पाहिलीच असेल ना? बाबा गेले. आता मी एकटाच सांगतो कीं ती हसली होती. एकट्याचं खरं कोण धरतो?"

पुढं देशाची दारं उघडली म्हणतात ती वर्षं आली. गल्लीतल्या गच्च्यांवर टीव्हीच्या तबकड्या उगवल्या, रंगीत सरबताच्या बाटल्या आल्या, तिरुवैयारूच्या रस्त्याला नवीन हॉटेल झालं. बसगाड्या वाढल्या. काकांना वाटलं, आता कुणीतरी येईलच. ते सकाळी न्याहारी करून यायचे आणि देवळाचा दरवाजा बंद होईतो थांबायचे. पण येणारे म्हातारे दर वर्षी त्यांच्याहून तरुण दिसायला लागले होते. ते मला कळत होतं. त्यांनाही कळत असावं. समोरची फुलवाली ओरडायची, "दोरै, सापडला का तुमचा खलाशी?" ते हसायचे, पण हल्ली उत्तर द्यायचे नाहीत.

तेव्हा मी जे केलं ते आजही बरोबरच होतं असं मी म्हणतो. एक उंच, लालबुंद इंग्रज एका जुन्या तबकापाशी अडकला होता. तबक त्याला सोडवत नव्हतं. मी किमतीवरून हललो नाही. मी कुणासाठीच हलत नाही. माझ्या सख्ख्या मेव्हण्यासाठी हललो नाही. तेवढ्यात लांबून काका येताना दिसले, बूट घासत. मी त्या माणसाला म्हटलं, "तुझ्या भावात देतो. पण एक काम कर." आणि सगळं पढवलं. धक्का, खलाशी, गाढवं, हिरव्या लुगड्यातली बाई.

माणूस नाटकी निघाला. काकांनी विचारायच्या आत म्हणाला, "तो खलाशी! आणि एकदा हिरव्या वस्त्रातली एक हिंदुस्थानी बाई तिथं इतकी हसत होती! मी लहान होतो, वडिलांच्या खांद्यावर." काकांनी दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. त्यांचा तो चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. मग त्यांनी हळूच, शाळकरी इंग्रजीत विचारलं, "आणि धक्क्याशी उंट असायचा, तो?"

"उंट! उंटाला कोण विसरेल!"

काकांनी त्याचे आभार मानले, त्याला देवळाच्या दरवाजापर्यंत पोचवलं आणि परत येऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"केवढ्यास घेतलास रे त्याला?"

"काका..."

"उंट नव्हता तेथे. केवढ्यास?"

माझं डोकं फिरलं. "तुमच्यासाठी मी पहिल्यांदा भाव सोडला!" मी रस्त्यावर ओरडलो. "जन्मात पहिल्यांदा! आणि तुम्ही मलाच विचारता?"

"माझी आई तबकाबरोबर फुकट दिलीस," ते म्हणाले आणि गेले.

त्यानंतर ते देवळापाशी आले नाहीत. मीही गेलो नाही. चूक त्यांची होती. माणसानं आपल्यासाठी काय सोडलं हे बघायला नको? माझी विक्री वाढली, मधे कुणी येईना. गिऱ्हाईक तबक हातात धरायचं, मी गप्प बसायचो, आणि ती शांतता मला सहन व्हायची नाही.

वर्ष उलटल्यावर जानकीबाईच दुकानात आली. "ये एकदा. माणसं ओळखतो, पण बाकीचं सांडायला लागलंय."

काका खाटेवर होते. पाय उघडे, मोज्यांशिवाय फार बारीक दिसत होते. मला बघून आनंदले. भांडण त्यांच्या लक्षात नव्हतं. लगेच किनाऱ्यावर पोचले. कांडी सांगितली, तंबू सांगितला. मग म्हणाले, "आणि शनिवारी उंट यायचा. गुडघे टेकून बसायचा. आई त्यावर चढली रे! तो उठला तशी जी हसत सुटली..."

"खलाशी, काका," मी म्हटलं. "खलाशी हसायचा, म्हणून ती हसायची."

"कोण खलाशी?"

जानकीबाई मला खुणेनं गप्प राहा म्हणत होती. मला ते जमलं नाही. "उंट नव्हता काका! तुम्हीच मला सांगितलंत. काचेची पेटी होती. नाणं टाकायचं. हिरवं लुगडं होतं तिचं, लोक जमायचे, उंट नव्हता!" माझा आवाज चढला होता.

काका माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही, एखादं अनोळखी पोर मधे बोललं की बघावं तसं.

"तू कोठे होतास तेथे?" त्यांनी विचारलं.

त्याच महिन्यात ते गेले. हिरव्या लुगड्यातली ती बाई खलाशाच्या पेटीपुढं पोट धरून हसते, लोक तिच्याकडं बघत असतात. आता हे फक्त मला दिसतं, आणि मी तिथं नव्हतो.