स्पष्ट आलेली चित्रं

जलशुद्धीकरण केंद्रात तिला सगळे वहिनी म्हणत. मॅनेजरपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळेच. तिचा नवरा तिथे पॅनलवर, म्हणजे पंप आणि झडपा जिथून चालवतात तिथे, ऑपरेटर होता. तो आजारपणात गेला आणि त्याच्या जागी तिला घेतलं. पहिल्या दिवशी ती कंट्रोल रूमच्या दारात घुटमळत उभी राहिली, तेव्हा आतून कुणीतरी "या वहिनी" म्हणालं आणि तेच नाव चिकटलं.

सुरुवातीला तिला नुसत्या नोंदी टाइप करायला बसवलं होतं. पॅनलवर आणलं ते काकांनी. काका म्हणजे केंद्रातले सगळ्यांत जुने ऑपरेटर. तिच्या नवऱ्याला त्यांनीच शिकवलं होतं आणि तिच्या धाकट्या दिरालाही. तोही तिथेच दुसऱ्या पाळीला असायचा. काकांची शिकवायची तऱ्हा वेगळी होती. ते आधी स्क्रीनकडे पाठ करून बसायला सांगत आणि पंपांचा आवाज ऐकायला लावत. कुठल्या पंपाचा आवाज जड झालाय, कुठला कोरडा चाललाय, हे सांगता आलं की मगच माऊसला हात लावू देत. वहिनी महिनोन्‌महिने त्यांच्या शेजारच्या फाटक्या रेक्झिनच्या खुर्चीवर बसून शिकली. क्लोरीनचा वास कपड्यांत मुरला, घरी धुऊनही जाईना, तेव्हा काका म्हणाले, आता तू इथली झालीस.

एका सकाळी मॅनेजरने तिला केबिनमध्ये बोलावलं. केंद्राचं मॅन्युअल करायचं होतं. पॅनलवरच्या प्रत्येक स्क्रीनचं चित्र, त्यावर बाण, आणि खाली साध्या भाषेत काय बघायचं, काय दाबायचं. तपासणीवाले मागतात, असं त्याने सांगितलं. लग्नाआधी वहिनी एका ऑफिसात टायपिंगचं काम करत होती, वर्डमध्ये तिचा हात बसलेला होता, म्हणून हे तिच्या वाट्याला आलं. तिला बरंच वाटलं. आपल्याला काहीतरी वेगळं येतं, हे पहिल्यांदाच कुणाच्या तरी लक्षात आलं होतं.

पण चित्रं काही केल्या धड येईनात. आधी तिने मोबाइलने स्क्रीनचे फोटो काढले, तर त्यावर आडवे पट्टे उमटले. मग कीबोर्डवरून स्क्रीनशॉट घेतले आणि फाइलमध्ये टाकले. स्क्रीनवर छान दिसत होते, पण मॅनेजरने छापून बघितलं तर सगळं धुरकट. टाक्या दिसत होत्या, पाइप दिसत होते, आकडे मात्र पावडर सांडावी तसे विस्कटलेले. क्लोरीनच्या पानावर, पाण्यात क्लोरीन किती ठेवायचं ते सांगणारा, पॉइंट आठ हा आकडा होता, त्यातला पॉइंटच गायब. मॅनेजरने पानं तिच्यापुढे सरकवली आणि हे आंधळ्यांसाठी केलंय का, असं विचारलं. ती पानं गोळा करून बाहेर आली.

मग तिने हे मनावरच घेतलं. पॅनलवरचं काम सांभाळून, जेवणाची सुट्टी मोडून ती त्या फाइलशी झटत बसायची. हळूहळू एकेक गोष्ट उलगडत गेली. चित्र फाइलमध्ये टाकल्यावर स्वच्छ असतं. फाइल बंद करून पुन्हा उघडली की मळतं. म्हणजे वर्डच सेव्ह करताना चित्र दाबून लहान करत होता. सेटिंगमध्ये खोलवर, चित्रं दाबू नका, असा एक चौकोन सापडला, त्यात तिने खूण केली. चित्र जेपीजीत ठेवलं की अक्षरांच्या कडा कुरतडल्यासारख्या होतात, पीएनजीत ठेवलं की शाबूत राहतात. अख्खा स्क्रीन पानावर कोंबण्यापेक्षा हवा तेवढाच भाग कापून घ्यायचा. कोपरा धरून ओढाताण करायची नाही. रुंद चित्रासाठी पान आडवं करायचं. आणि मॅनेजरला फाइल मोबाइलवर फोटोंसारखी पाठवायची नाही, पेन ड्राइव्हमध्ये नेऊन द्यायची.

क्लोरीनचं पान पुन्हा छापलं तेव्हा पॉइंट आठमधला पॉइंट टोचेल इतका ठसठशीत आला होता. तिने तो कागद काकांना दाखवला. काकांनी चष्मा कपाळावर ढकलून कागद डोळ्यांशी नेला आणि खूश होऊन म्हणाले की आमच्या वेळी असलं काही असतं तर माझी निम्मी पाठ वाकली नसती.

त्यानंतर काका स्वतःहून तिच्याजवळ बसू लागले. ते सांगायचे, ती लिहायची. फिल्टर कधी धुवायचा, झडप किती हळू उघडायची, उघडताना कुठे थांबायचं. कधी ते सांगता सांगता तिच्या नवऱ्याच्या गोष्टीत शिरायचे; नवा असताना त्याने एकदा टाकी भरून वाहू दिली होती आणि काकांनी त्याला दिवसभर फडक्याने फरशी पुसायला लावलं होतं. वहिनी हसायची. नवरा गेल्यापासून इतके बरे दिवस तिने पाहिले नव्हते.

मॅन्युअल निम्म्यावर आलं तेव्हा बाहेरच्या कंपनीचा एक माणूस आला. मॅनेजर त्याला कंट्रोल रूममध्ये घेऊन आला. त्याने पॅनलकडे फारसं बघितलं नाही. मॅन्युअलची छापलेली पानं मात्र एकेक करून उलटली, चित्रांवरून बोट फिरवलं आणि मॅनेजरला विचारलं की हे पुढ्यात ठेवलं तर अगदी नवा माणूस किती दिवसांत काम करू शकेल. मॅनेजरने घसा खाकरला आणि त्याला केबिनमध्ये चला म्हणाला.

कुठेतरी पाणी मुरतंय, हे सगळ्यांनाच कळलं. पुढच्या काही दिवसांत सगळं बाहेर आलं. केंद्र चालवायचं कंत्राट त्या कंपनीला जाणार होतं. कंपनी आपली माणसं आणणार होती, कमी पगाराची, पॅनल कधी न पाहिलेली. त्यांच्यासाठीच हे मॅन्युअल. तपासणीबिपासणी काही नव्हती.

काकांनी ते ऐकलं आणि ते वहिनीशेजारची खुर्ची सोडून आपल्या जागेवर जाऊन बसले. काही वेळाने शांतपणे म्हणाले, "चित्रं तुझी आहेत, ती तू कर. माझ्या डोक्यातलं आता मी काही देणार नाही."

वहिनीने अर्धवट राहिलेलं पान सेव्ह केलं आणि फाइल बंद केली.

घरी तर आणखी अवघड झालं. दीर, जाऊ, सासूबाई आणि ती, सगळे एकाच छपराखाली. दिराची नोकरी जाणार आणि ती घालवणारा कागद त्याच्या भावजयीच्या हातून तयार होतोय, हे घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण ताटं वाढतानासुद्धा जाणवायचं. जाऊ तिच्याशी कामापुरतं बोलू लागली. एके दिवशी जेवताना दिराने हातातला घास खाली ठेवला.

"वहिनी, एक मागतो. ती फाइल पहिल्यासारखी होऊ द्या."

"पहिल्यासारखी म्हणजे?"

"धुरकट. तुम्हालाच तर माहितीये कशी होते ती. कुणाला काही कळणार नाही. मॅन्युअलवरून काम जमेना म्हटल्यावर आम्हाला ठेवावंच लागेल."

सासूबाई मध्ये पडल्या. त्या म्हणाल्या की एक मुलगा गेला, दुसऱ्याच्या पोटावर पाय येतोय, आणि तू चित्रं रंगवत बसलीयेस. वहिनी ताट उचलून मोरीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी तिने खरंच करून बघितलं. फाइलची एक प्रत घेतली, त्या चौकोनातली खूण काढली, सेव्ह केलं आणि फाइल पुन्हा उघडली. महिनाभराची मेहनत क्षणात मळून गेली होती. ती पानं खाली सरकवत गेली. टाक्यांची उंची वाचता येत नव्हती, ठीक. पंपांचे नंबर पुसट, तेही चाललं असतं. मग क्लोरीनचं पान आलं. पॉइंट नव्हता. नुसता आठ.

ती त्या पानाकडे बघत राहिली. मॅन्युअल धुरकट झालं म्हणून कंपनी काकांना ठेवेल, यावर तिचा विश्वास बसेना. कंपनी माणसं आणणारच. ती माणसं या खुर्चीवर बसणार आणि या पानावर बघून क्लोरीनचा डोस लावणार. ते पाणी अख्ख्या शहराच्या नळांना जायचं, त्यात तिच्या घरचा नळही आला. तिने ती प्रत पुसून टाकली.

एवढ्यावर भागलं असतं तर काकांना कदाचित तिचं फार लागलं नसतं. चित्रं तू कर, असं ते स्वतःच म्हणाले होते. पण क्लोरीनच्या पानावर नुसतं चित्र पुरेसं नव्हतं. पाणी फार गढूळ यायला लागलं की मीटरच्या टोकाला गाळ बसतो आणि स्क्रीनवरचा आकडा खोटाच खाली उतरतो. नवा माणूस घाबरून डोस वाढवतो, आणि तिथेच घात होतो. आधी बाटलीत नमुना घेऊन तपासायचा, मीटरचं टोक पुसायचं, मग ठरवायचं. हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. काका ते ठेच खाऊन शिकले होते आणि तिला त्यांनी तिच्या पहिल्या गढूळ पाण्याच्या वेळी मनगट धरून शिकवलं होतं.

ते तिने लिहिलं. काकांना न विचारता. आकड्यापाशी लाल बाण काढला आणि बाणाखाली काकांचेच शब्द टाकले, कारण दुसरे शब्द तिच्याकडे नव्हते. मग एक लिहिलं म्हणून दुसरं लिहिलं. झडपेचं, फिल्टरचं, पंपाच्या आवाजाचं, जे जे काकांनी राखून ठेवलं होतं ते तिच्या डोक्यात होतंच. मॅन्युअल पूर्ण झालं. मॅनेजर म्हणाला की असं काम त्याने पाहिलं नव्हतं.

ऑपरेटरांना एकदमच कामावरून कमी केलं. काका, दीर, बाकीचे सगळे. वहिनीला तेवढं ठेवलं. शेवटच्या दिवशी काका कपाटाची किल्ली द्यायला आले. मॅन्युअल पॅनलशेजारी साखळीने बांधून ठेवलं होतं. त्यांनी ते उघडलं आणि उभ्या उभ्या वाचत गेले. क्लोरीनच्या पानावर बराच वेळ थांबले. वहिनी खुर्चीवरून उठून उभी राहिली होती. तिला वाटलं, ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मी नाही म्हटलं होतं तुला," ते म्हणाले.

"हो काका."

"मला विचारलं असतंस तर पुन्हा नाहीच म्हटलं असतं."

"म्हणूनच विचारलं नाही."

त्यांनी मॅन्युअल मिटलं, किल्ली टेबलावर ठेवली आणि ते गेले.

दीर काही महिने घरी बसला, मग कुठल्या तरी लांबच्या कारखान्यात लागला आणि तिकडेच राहू लागला. जावेने चूल वेगळी केली. सासूबाई जावेकडे जेवायच्या; वहिनीच्या खोलीत यायच्या त्या औषधाची बाटली उघडून घ्यायला, कारण जावेला ते झाकण जमत नसे. काका एका मोठ्या इमारतीच्या तळघरात पंप चालूबंद करायला लागले. ते फार जगले नाहीत. ते गेल्यावर वहिनी त्यांच्या घरी भेटायला गेली तेव्हा काकूंनी दार उघडलं, ओळखलं, पण आत ये म्हणाल्या नाहीत. दारातच उभं राहून दोघी थोडं बोलल्या आणि वहिनी परत फिरली.

केंद्र चाललं. गढूळ पाणी आलं तेव्हा नव्या पोरांनी मॅन्युअल उघडलं, बाटली भरली, टोक पुसलं. काही वाईट घडलं नाही. याचं समाधान वाटून घ्यावं, असं वहिनीला कधीकधी वाटायचं, पण ते समाधान सांगायला घरात माणूस नव्हतं.

कंपनीला ते मॅन्युअल इतकं आवडलं की दुसऱ्या केंद्रांची कंत्राटं मिळताच तिथली मॅन्युअल करायला वहिनीलाच पाठवू लागले. नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं तर तिचीही जागा गेली असती, आणि तिच्यामागे उभं राहणारं कुणी उरलं नव्हतं.

पहिल्याच केंद्रावर एका पिकल्या मिशांच्या ऑपरेटरने तिच्यासाठी खुर्ची पुसली, चहा मागवला आणि विचारा ताई काय विचारायचं ते, म्हणाला. तिने लॅपटॉप उघडला. मग पुन्हा मिटला. तिने त्याला सगळं सांगितलं. हे कशासाठी चाललंय, तिच्या केंद्रात काय झालं, आणि याच्याही बाबतीत तेच होणार, ते.

त्याने मान वळवून पॅनलकडे बघितलं. बाहेर पंप चालू होते. मग त्याने विचारलं, "मी सांगितलं नाही तर थांबेल का हे?"

"नाही थांबायचं," ती म्हणाली.

"आणि येणारी पोरं? त्यांना काही माहिती असतं का?"

"काहीच नसतं."

त्याने थंड झालेला चहा एका घोटात संपवला. कप खिडकीत नेऊन ठेवला, परत आला आणि खुर्ची पॅनलकडे वळवून बसला.

"घ्या लिहून," तो म्हणाला, "हा पहिला पंप. हा सुरू करताना जरा कुरकुरतो."