थांबला तो उमटला

बाळांनो, तुम्ही अमेरिकेतून पाठवलेला डेन्व्हरचा जुना फोटो मी नारायण पेठेतल्या फ्रेमवाल्यांकडे नेला. हे गृहस्थ आधी चष्मा पुसतात, मग गिऱ्हाइकाकडे न बघता फोटोशीच बोलतात.

"एवढ्या मोठ्या इमारती, आणि रस्त्यावर माणूस नाही!" मी म्हणाले.

"आहेत की, बाई. तेव्हाचा कॅमेरा सावकाश बघायचा, एका फोटोला मिनिटंच्या मिनिटं लागायची. चालणारे उमटलेच नाहीत. थांबला तो उमटला."

फोटोच्या कोपऱ्यात धुरकट डाग होता. "तेवढा पुसून द्या."

"अहो, तो जरासा थांबलेला माणूस आहे. माणसं पुसायला दुसरं दुकान बघा."

डाग राहिला. फोटो आता माझ्या पलंगासमोर लावलाय; दुपारी डोळा लागताना तो डाग हलल्यासारखा वाटतो. गेल्या खेपेला तुम्ही आलात आणि गेलात. या खेपेला दारात जरा थांबा.