वरच्या मजल्यावरची हवा

माझ्यासाठी दादाने हवा भाड्याने घेतली होती. थट्टा नाही, खरंच. धंतोलीतल्या डॉक्टरांनी माझ्या पाठीला नळी लावून ऐकलं, मोठा श्वास घे म्हणाले, तो मला घेता आला नाही, तेव्हा दादाकडे वळून म्हणाले, "हिला हवेशीर जागेत ठेवा." झालं. दादाने तळमजल्याची चांगलं बस्तान बसलेली जागा सोडली आणि गिट्टीखदानकडच्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. वर कवेलूंचं छप्पर, आणि पूर्वेला ही एवढी खिडकी. घरी आलेल्या प्रत्येकाला तो ती खिडकी दाखवायचा. तिच्याखालीच माझी खाट होती.

साठचं दशक संपत आलं होतं. मी कुहीहून शिक्षिकेचा कोर्स करायला नागपूरला आले होते, आणि तेही वडिलांशी भांडून. वडिलांची अट एकच होती. छातीचं दुखणं पुन्हा वर आलं तर सामान बांधून परत यायचं, आणि मग जे स्थळ येईल त्याला हो म्हणायचं. दिवाळीपर्यंत मी टुणटुणीत होते. दिवाळीनंतर थंडी पडली आणि माझी सकाळ बिघडली.

सकाळ बिघडली म्हणजे काय, हे ज्याला दमा नाही त्याला सांगून कळत नाही. पहाटे जाग यायची ती कुणी छातीवर पाट ठेवल्यासारखी. उठून बसावं तर बसवत नाही, उभं राहावं तर राहवत नाही. मी खाटेवरून खिडकीशी, खिडकीपासून दाराशी, दारातून पुन्हा खाटेवर अशा येरझारा घालायची. वहिनी बिचारी धावत येऊन खिडकीची दोन्ही दारं सताड उघडायची. "बाई, ताजी हवा घ्या. सकाळची हवा लई चांगली राहते," असं म्हणायची आणि सिगडी पेटवायला खाली जायची.

तेव्हा आमच्या गल्लीत गॅस कुणी पाहिलाही नव्हता. दिवस उजाडायच्या आत प्रत्येक घरची बाई सिगडी घेऊन गल्लीत यायची. खाली गोवऱ्यांचे तुकडे, वर दगडी कोळसा, थोडं रॉकेल, आणि पंखा घालायला पुठ्ठा. धूर घरात नको म्हणून सिगडी बाहेर पेटवायची, धूर ओसरून निखारा लाल झाला की कडी धरून आत न्यायची. वहिनीला ती जिना चढून वर आणावी लागे. साऱ्या गल्लीच्या सिगड्या ओळीने बाहेर असत, आणि बाया पुठ्ठे हलवत एकमेकींशी बोलत. मला वरून त्या दिसायच्या नाहीत, नुसते आवाज यायचे. दिसायच्या का नाहीत, हा प्रश्न मला कधी पडला नाही. मी श्वासात गुंतलेली होते.

कॉलेजात गैरहजेऱ्या वाढत चालल्या. आणखी खाडे झाले तर परीक्षेला बसू देणार नाही, असं प्राचार्याबाईंनी स्वच्छ सांगितलं. घरात काढे झाले, तिखट बंद झालं, दही बंद झालं, केस धुणं बंद झालं. ढग आले की दादा मला मफलर गुंडाळून कोपऱ्यात बसवायचा, कारण ढगाळ हवा दम्याला वाईट. ऊन निघायचं अशा स्वच्छ, निळ्या, कडाक्याच्या थंडीच्या दिवशी सगळ्यांचे चेहरे उजळायचे. आणि मी नेमकी त्याच दिवशी मरायला टेकायची. ढगाळ पहाटे मी बरी असायची, वारा सुटला तर अगदी छान. हे दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "तुयं सारंच उलटं." मला असा राग आला की त्या दिवशी मी जेवले नाही. दम्याच्या माणसाने उपाशी राहू नये, हेही मग मला ऐकवण्यात आलं.

एका पहाटे मला घरात राहवेचना. दादा झोपला होता, वहिनी खाली होती. मी शाल घेतली आणि जिना उतरून सरळ चालू लागले. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. पाय सेमिनरी हिल्सच्या चढाकडे वळले. दोन पावलं टाकायची, थांबायचं, खांबाला धरायचं. चढ अर्धा झाला तेव्हा लक्षात आलं की मी थांबत नाहीये. चढावर दम लागायला हवा, तो सुटत होता. टेकडीवर पोचून एका दगडावर बसले, महिन्याभरात घेतला नव्हता असा पोटभर श्वास घेतला आणि मागे वळून पाहिलं.

गाव नव्हतं. दुधावर साय धरते तसा धुराचा एक सपाट थर शहरावर आला होता. वर जात नव्हता, खाली येत नव्हता. वारा पडलेला, आभाळ निरभ्र, आणि जमिनीलगतची हवा रात्रभर गारठून जड झालेली. गल्ल्यांमधून धुराचे दोर सरळ उठत, कवेलूंच्या उंचीला येत आणि तिथे कुणी झाकण घातल्यासारखे आडवे पसरत. झाडांचे शेंडे, देवळाचे कळस आणि एक-दोन गिरण्यांची धुरांडी तेवढी वर निघालेली होती. मी आमची गल्ली शोधली. वरच्या मजल्यांच्या खिडक्या नेमक्या त्या थरात बुडाल्या होत्या. दादाने शोधून शोधून घेतलेली हवा ती हीच.

मला हसू आलं आणि मग रडू आलं. ऊन चढलं तसा तो थर फाटला, विरला आणि शहर काहीच झालं नसल्यासारखं उघडं पडलं. तेव्हा मी उतरले. त्या दिवशी कॉलेजला गेले.

मग रोज जाऊ लागले. घरी सांगितलं तर कुणाला पटेना. दादा म्हणाला, "धूर वर जाऊन उडून जाते, हे लहान पोरगंही सांगन." मी खिडकी लावून पाहिली, तर धूर कवेलूंच्या फटींतून येई. सिगड्या बंद करा असं अख्ख्या गल्लीला सांगणार कोण, आणि मग रांधणार कशावर? उरली टेकडी. पण अंधारात एकटी पोरगी टेकडीवर जाते, हे दादाच्या ऑफिसातल्या कुणीतरी पाहिलं, आणि ऑफिसातून ते तिखटमीठ लावून घरी आलं.

"काहून जातं तू तिकडं? कोण भेटते तिथं?"

"श्वास भेटतो," मी म्हणाले. त्याने टेकडी बंद केली. दोन दिवसांनी मी पुन्हा पाट छातीवर घेऊन बसले, आणि त्याने कुहीला निरोप धाडला की हिला घेऊन जा.

आई धानाची कापणी सोडून एसटीने आली. आल्या आल्या तिने माझी पेटी ओढून कपडे भरायला घेतले. मी पुष्कळ बोलले, ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. पहाटे मात्र मला खाटेवर उकिडवी बसलेली पाहून म्हणाली, "चाल. मले दाखव तुयी टेकडी. मंग दुपारच्या गाडीनं जाऊ." दादाने दाराची कडी काढून दिली. आम्ही निघालो तेव्हा वहिनी गल्लीत सिगडीपुढे वाकली होती.

आई शेतातली बाई, चढ तिला काहीच नव्हता. वर पोचल्यावर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि खूप वेळ खाली पाहत राहिली. माझा श्वास मोकळा झालेला तिने ऐकला, माझ्याकडे न बघता.

"आपलं घर कुठीसा आलं वं?"

मी बोट दाखवलं.

"अन् थे?"

"कोण?"

"सून माही. तिले त्याच्यातच ठेवून आलो नं आपण." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "रातभर खोकून राहिली होती. तोंडात पदर कोंबून. तुमाले कोनालेच आयकू येत नाही?"

ऐकू येत होतं. पण त्या घरात खोकला फक्त माझाच धरला जाई. माझ्यासाठी घर बदललं, डॉक्टर झाला, काढे झाले. वहिनी धुराच्या तोंडाशी बसून खोकत होती, आणि ती सिगडी पेटवते म्हटल्यावर खोकणारच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मला फार लाज वाटली. आई मात्र उतरताना धानाबद्दल बोलत होती.

घरी आल्यावर तिने माझी पेटी उघडली आणि कपडे काढून खाटेवर ठेवले. वहिनीला म्हणाली, "तुये दोन लुगडे घे. चार आठवडे कुहीले चाल माह्यासंग." दादाला म्हणाली, "हिची परीक्षा होऊ दे. हिच्या बापाले मी सांगीन. सकाळी टेकडीवर जाईन थे. कोनी इचारलं तर मायनं धाडली मून सांग."

दादा दाढी करत होता. साबण लावलेल्या तोंडाने त्याने वहिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग सिगडी कोन पेटवन?"

"तुले हात नाहीत का गा?" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशीपासून मी टेकडीकडे निघताना दादा गल्लीत बायांच्या ओळीच्या टोकाला बसलेला असे, गळ्यात टॉवेल, हातात पुठ्ठा, डोळे लालभडक. बाया पदरात हसत. तो कुणाकडे बघत नसे, माझ्याकडे तर मुळीच नाही. मी कोर्स पुरा केला, पुढे नोकरीही नागपुरातच लागली.

वहिनी परत यायच्या आत आमच्याकडे रॉकेलचा पितळी स्टोव्ह आला. दादाने तो ओळखी काढून, रांगेत उभा राहून मिळवला. परत आल्यावर वहिनीने स्टोव्हला हात लावून पाहिला, पंप मारला, विझवला, पुन्हा पेटवला. लग्न झाल्यापासून ती तो मागत होती, हे तिने मला तेव्हा सांगितलं.