सगळ्या वाडीचा एकच फोन

आंबेनळी घाटाच्या खालच्या अंगाला अकरा घरांची एक वाडी आहे. रेंज मिळते ती टेकाडावरच्या एका कातळावर, म्हणून मुरारीचा एकच फोन सगळी वाडी वापरायची. सिमकार्ड त्याच्या नावावर, पासवर्ड अकरा घरांना तोंडपाठ. मुंबईच्या लेकाला निरोप धाडायचा असो की आईपाशी सासूची गाऱ्हाणी सांगायची असोत, फोन उचलायचा आणि कातळ गाठायचा. साठीच्या मुरारीला मात्र आलेला फोन घेण्यापलीकडे त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

मार्चमध्ये खाणवाल्यांनी वाडीच्या डोक्यावर सुरुंग लावायला सुरुवात केली. दरड खाली येईल या धास्तीने ठकूबाईच्या सुनेने, सेजलने, व्हिडिओ काढून मुंबईकरांच्या ग्रुपवर टाकला. ठकूबाई म्हणजे मुरारीची थोरली भावजय. व्हिडिओ पसरला आणि आठवड्याच्या आत पोलिसांनी मुरारीला जीपमध्ये घातलं. अफवा पसरवतो म्हणे. डोक्यावरचा डोंगर फुटतोय असं सांगणं यांच्या लेखी अफवा.

"व्हिडिओ कुणी काढला?" ठाण्यात साहेबांनी विचारलं.

"म्याच काढला."

"मग आत्ता काढून दाखव."

मुरारीने बराच वेळ खटपट केली आणि स्वतःच्या अंगठ्याचा फोटो काढला. शिपाई फिदीफिदी हसले.

"नाव सांग, लगेच सोडतो."

"म्याच काढला, सायब."

दुपारपर्यंत त्याने हेच धरून ठेवलं. सेजलला सातवा महिना होता. तिला या माणसांपुढे उभी करायची नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

मग त्या निर्लज्जांनी फोनला वायर जोडली आणि बायकांनी पाठवलेले आवाजी निरोप एकेक करून लावले. ठकूबाईने लेकीला सांगितलेलं अंगावरून जाण्याचं दुखणं, कुणाच्या नवऱ्याचं बाहेरचं लफडं, सगळं टेबलावर मोठ्याने वाजलं. ते चहा पीत ऐकत होते. मुरारीला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. शेवटी सेजलचा आवाज आला, "मी सेजल बोलतेय. व्हिडिओ मी आत्ताच काढलाय, बघा." साहेबांनी फोन ठेवून घेतला आणि मुरारीला हाकललं.

तिसऱ्या दिवशी सेजलच्या नावाने नोटीस आली. ठकूबाई त्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"भावजी, तुमी नाव दिलात."

"नाय वहिनी. त्यांना फोनातच गावलं."

"फोनात काय गावलं? सांगा की."

तुमचं दुखणं परक्या पुरुषांनी चहाबरोबर ऐकलं, हे थोरल्या भावजयीला मुरारी कुठल्या तोंडाने सांगणार होता? तो गप्प राहिला. ते गप्प राहणं तिने कबुली समजली.

तेव्हापासून मुरारी दिसला की वाडीतलं बोलणं थांबतं. त्याच्यावर पाळत ठेवायला पोलिसांना माणूस धाडावा लागत नाही. वाडीच ते काम करते.