खताचा बर्फ

कुंडीतल्या मातीत बोट खुपसायचं, ते जिभेला लावायचं, बाजूला थुंकायचं आणि मगच समोरच्या माणसाशी बोलायचं, अशी त्यांची रीत होती. रेवदंड्याच्या धक्क्यावर मासळीसाठी आणलेला बर्फ ठेवायची एक शेड होती, तिचे ते राखणदार. मी गावातल्या दवाखान्यात कंपाउंडर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, या माणसाला माती खायची खोड आहे, काहीतरी औषध द्यायला हवं.

"मीठ बघतो," ते म्हणाले. "झाडाला कळायच्या आधी आपल्याला कळाया पायजे."

ते मूळचे वाडीवाले. एका मोठ्या भरतीला खाडीचा बांध फुटला, खारं पाणी वाडीत शिरलं आणि सुपारीची झाडं उभ्या उभ्या वाळली. शेवटच्या जित्या झाडाची फळं त्यांनी उतरवली, रॉकेलच्या रिकाम्या डब्यांत आणि फुटक्या मडक्यांत रुजवली आणि पोटापाण्यासाठी शेडवर नोकरी धरली. रोपांची ती रांग शेडच्या पडवीत असायची. रोह्याकडे त्यांच्या मेव्हण्याची थोडी जमीन होती. पावसाळा लागला की रोपं तिकडे न्यायची, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"एवढी जगली म्हंजे वाडी जगली," असं ते म्हणायचे. हसत म्हणायचे, पण डोळे रोपांवरच असायचे.

उन्हाळा सरत आला की आमच्याकडच्या विहिरी मचूळ होतात. गोडं पाणी लांबून डोक्यावरून आणावं लागे. ते झाडांना कोण देणार? पण मुंबईहून लाँचीतून येणारा बर्फ गोड्या पाण्याचा होता. त्याचे फुटके तुकडे घ्यायची मुभा शेडच्या मालकाने त्यांना दिली होती. मग रोज सकाळी प्रत्येक डब्याच्या कडेला, खोडापासून लांब, काथ्याच्या चुंबळीवर बर्फाचा एक खडा बसायचा आणि थेंब थेंब पाझरत राहायचा. रोपं बर्फ खातात, ही बातमी गावाला पुढे बरेच दिवस पुरली.

खताचं प्रकरण त्याहून मजेचं. मासळीची आतडी आणि पेंड पाण्यात कुजवून ते पातळ खत करायचे. त्याचा असा काही वास सुटे, की दिवसभर मासळीच्या पाट्या घेऊन बसणाऱ्या बायकाच नाकाला पदर लावून मालकाकडे गेल्या. "आमी काय अत्तर इकतो का? पण ह्यो वास न्हाय सोसत!" मालकाने ताकीद दिली. यांनी काय करावं? ते पाणी गाळून पत्र्याच्या डब्यांत भरलं, झाकणं घट्ट बसवली आणि कुल्फीसारखे ते डबे फोडलेल्या बर्फात आणि खडेमिठात पुरले. तपकिरी वड्या तयार झाल्या. लाकडाच्या भुशात पुरून ठेवल्या की वासाचं नाव नाही. शिवाय ओतलेलं खत त्या रेताड मातीतून भसकन खाली जाई, वडी मात्र दिवसभर झिरपे.

"त्यांच्या तोंडानं खाऊ द्यावं त्यांना," ते मला म्हणाले होते. "आपली घाई काय कामाची?"

त्या वर्षी माझ्या बायकोला विषमज्वर झाला.

ताप उतरेना. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येत. एका दुपारी तिने मलाच विचारलं, "तुम्ही कोण?" डॉक्टरांनी मला अंगणात नेलं. म्हणाले, "डोक्यावर बर्फ ठेवा. ताप उतरेपर्यंत पिशवी रिकामी राहता कामा नये."

मी धावत धक्क्यावर गेलो. समुद्र खवळला होता, लाँच आलीच नव्हती. शेडमध्ये ओला भुसा आणि रिकामी गोणपाटं. उरलासुरला बर्फ आदल्या दिवशीच मासळीवर गेला होता.

"काहीच नाही?"

मग त्यांनी कोपऱ्यातल्या भुशाकडे पाहिलं, आणि मला खताच्या वड्या आठवल्या.

मी मागितलं नाही. त्यांचा शेवटचा साठा होता तो. पाऊस अजून लागायचा होता, विहीर मचूळ झालेली, आणि पडवीत रोपांनी नवं पान काढलं होतं. एकेका डब्यावरून त्यांची नजर फिरली.

"वास येईल," ते म्हणाले.

"येऊ दे."

"मंग थांबलाव कशाला? धरा ही पाटी."

ते स्वतः बरोबर आले. ओसरीवर बसून गोणपाटात वडी गुंडाळायचे, लाकडी दांडक्याने फोडायचे आणि चुरा रबरी पिशवीत भरून आत द्यायचे. पिशवीचं बूच जुनं होतं, थोडं पाझरायचंच. घरभर तो वास पसरला. माझ्या आईला मासळीचा वासही सोसत नसे. ती देवघराचं दार लावून घेऊन सुनेच्या उशाशी येऊन बसली. बायको तापात पुटपुटली, "बोंबील कोणी आणले?" आई रडता रडता हसली.

पिशवीतलं पाणी झालं की मी ते अंगणात फेकायला निघायचो.

"अवो, टाकू नका!" ते ओरडले. "इथं वता, बादलीत."

अंधार पडायच्या आत बादली भरली. ती घेऊन ते धक्क्यावर जाऊन आले. दुसऱ्या दिवशीही तेच. इकडे तिच्या कपाळावर वितळलेलं पाणी तिकडे रोपांना.

"वैनीचा ताप हाय त्यात," ते आईला म्हणाले. "कोमट झालंय बघा."

पण त्यातला गारवा गेला होता, थेंब थेंब झिरपणं गेलं होतं. ऊन कडक होतं. पडवीतली रोपं टोकाकडून तांबूस पडू लागली. ते मला काही सांगत नव्हते; मी जाऊन पाहून आलो होतो.

शेवटची वडी फोडली त्या संध्याकाळी तिला घाम फुटला. डॉक्टरांनी थर्मामीटर उजेडात धरून दोनदा पाहिला आणि मान डोलावली. आई बाहेर आली आणि या माणसासमोर हात जोडून उभी राहिली. ते एकदम संकोचले. दांडकं उचललं, गोणपाट झटकलं. "येतो माय. झाडांकडं बघाया हवं," म्हणाले आणि गेले.

बरीचशी रोपं गेली. हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी उरली. मेलेल्यांचे डबे त्यांनी स्वच्छ धुऊन पालथे घातले. मी काही बोलायला गेलो, तर म्हणाले, "वाडीत काय सगळीच झाडं लागतात व्हय? उरली ती चांगली हायत."

आषाढात ते होडीने खाडीतून वर रोह्याकडे निघाले. बायको हट्टाने धक्क्यावर आली. तापात तिचे केस गळले होते, पदर डोक्यावर घट्ट ओढून ती माझ्या छत्रीखाली उभी होती. तिने वाकून नमस्कार केला तेव्हा ते म्हणाले, "भिजू नका वैनी. घरी जावा."

पुन्हा ते रेवदंड्याला आले नाहीत. काही वर्षांनी तिकडून होडी घेऊन आलेल्या एका तांडेलाकडून कळलं, की ते वारले.

मला ती होडीच दिसते. पाऊस तिरपा लागत होता. स्वतःचं इरलं त्यांनी रोपांवर उलटं टाकलं होतं, आणि उघड्या डोक्याने, दोन्ही हातांनी ते धरून, ते आमच्याकडे पाठ करून बसले होते.