पिवळ्यावरची हळद

कमळाआक्काची ही हकीकत मी अगदी चवीने सांगणार आहे. तिने जो सूड उगवला त्यात थोडा हात माझाही आहे आणि मला त्याची काडीची लाज वाटत नाही.

काल्हेरच्या ज्या गोदामात आम्ही दोघी कामाला जातो, तिथे ऑनलाइन विकलेले आणि लोकांनी परत पाठवलेले कपडे येतात. पाकीट फोडायचं, कपडा उलटसुलट करून बघायचा, टाके, डाग, वास, टॅग तपासायचा आणि ठरवायचं, पास की रिजेक्ट. पास झाला तर पुन्हा विक्रीला. रिजेक्ट झाला तर ज्याचा त्याला परत, पैसे मिळायचे नाहीत. माझं टेबल आठवं, आक्काचं नववं. मी भिवंडी शहरातली, नवरा कारकून होता तो निवृत्त झाला आणि दिवसभर माझ्या फोडणीवर देखरेख करू लागला, म्हणून मी बाहेर पडले. आक्का अंजूरची. वय एकसष्ट, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, अंगाने भरलेली, बोलायला एकदम रोखठोक.

ती जन्मभर साडीत वावरलेली. पण गोदामात सरकत्या पट्ट्यात पदर अडकेल म्हणून साडीला बंदी. त्यामुळे अठ्ठावन्नाव्या वर्षी तिच्यावर आयुष्यातला पहिला कुर्ता शोधायची वेळ आली. बाजारात गेली तर दुकानदार तिला आपादमस्तक बघून थेट मॅक्सी काढायचे. एक जण तर म्हणाला, "मौसी, आपके साइज में नाइटी दिखाऊँ?" त्या दुकानाची पायरी ती पुन्हा चढली नाही, आणि शेजारपाजारच्या सगळ्या बायकांनाही तिने चढू दिली नाही. आक्का कुठलीच गोष्ट विसरत नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मग तिने फोनवरून मागवला. फोटोत वीस-बावीस वर्षांची काडी हसत उभी. प्रत्यक्षात आलेला कुर्ता दंडात शिरेना, पोटावर ताणला जाई आणि खालून उशीच्या अभ्र्यासारखा लोंबे. तिने तो परत पाठवला. गंमत म्हणजे आठवड्याने तो तिच्याच टेबलावर आला. शिव्या घालत तिने तो स्वतःच्या हाताने पास केला.

पण त्या दिवसापासून ती शिकायला लागली. रोज तिच्या हाताखालून शेकडो कपडे जात, आणि प्रत्येकासोबत कुणीतरी का परत पाठवला याचं कारण असे. कुठल्या कंपनीचा एक्सेल खरं तर मीडियम असतो, हे तिला तोंडपाठ झालं. ती गळ्यात मापाची टेप घालूनच बसायची. एक्सेलबिक्सेल सगळं झूठ, छातीचे इंच बघायचे. दंडाचा घेर कुणी लिहीत नाही, तो विचारायचा. रेयॉन अंगावरून छान उतरतो, सिंथेटिक घामाने चिकटतं आणि नको ते सगळं दाखवतं. खांद्यापासून खालपर्यंत उभी शिवण असेल तर बाई उंच दिसते, कमरेला चुण्या असतील तर ढोल दिसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कंपनीच्या फोटोकडे ढुंकूनही बघायचं नाही. खाली घेणाऱ्या बायकांनी टाकलेले फोटो बघायचे. "आपल्यासारकी जाडी बाय घालून उबी दिसली, तरच मागवाचा," ती म्हणायची.

चारशे-साडेचारशेच्या वर ती कधी गेली नाही. तरी सकाळच्या शिफ्टला ती गेटातून आत आली की तरुण पोरी वळून बघायच्या. निळा, गर्द जांभळा, वीटकरी. तिच्या वयाच्या बायकांना करड्या रंगातच पुरतात की काय असं मला वाटायचं, ते तिने खोडून काढलं. माझे तीन कुर्ते तिनेच निवडलेत. एकदा डबा खाताना ती मला म्हणाली, "ताई, मना माजा आंग पैल्यांदाच आवडाया लागलंय." एकसष्टाव्या वर्षी बाई हे बोलते, त्याला काय किंमत असते ते बायकांनाच कळेल.

आणि नेमकं तेच तिच्या माहेरच्यांनी पायाखाली तुडवलं.

माहेर जवळच्याच पूर्णे गावचं. जिथे शेतं होती तिथे आता गोदामं उभी आहेत. भाऊ बाळाराम बंगलेवाला झाला. जमिनीतला आपला हिस्सा सोडून बहिणीने सह्या करून दिल्या तेव्हा तिने एक शब्द विचारला नव्हता. बाळाराम माणूस साधा, पण घरात सत्ता थोरली सून दिपाली हिची. धाकट्या देवेशचं लग्न ठरलं आणि दिपालीने फोनवर ग्रुप काढला, 'देवेशची हळद'. हल्ली हळदीला घरच्या सगळ्या बायका एकसारखा ड्रेस घालतात. दिपालीने मोहरीच्या रंगाची लांब अनारकली निवडली, जरीच्या काठाची, आणि सगळ्यांकडून मापं मागवली. आक्का नवऱ्यामुलाची सख्खी आत्या. तिने टेपने मोजून, नीट कागदावर लिहून, त्याचा फोटो पाठवला.

हळदीच्या दोन दिवस आधी दिपालीचा फोन आला. मी शेजारीच होते. "आक्का, तुमच्या मापाचं आलंच न्हाय ओ कंपनीत. तुमी आपली साडीच नेसा. वयाला शोभते पण."

आक्का "बरं" म्हणाली. फोन ठेवल्यावर बराच वेळ टेपच्या टोकाशी चाळा करत बसली.

मलाही हळदीचं आमंत्रण होतं. बँजो वाजत होता, मंडपात सगळीकडे पिवळंधमक. अकरा बायका एका रंगात, आणि आक्का हिरव्या साडीत. तिने देवेशला हळद लावली, त्याने वाकून नमस्कार केला, तिथपर्यंत ठीक होतं. मग फोटोला सगळ्या रांगेत उभ्या राहिल्या. आक्का देवेशच्या बाजूला, जिथे आत्याने उभं राहायचं तिथे. आणि दिपाली सगळ्यांदेखत म्हणाली, "आक्का, तुमी जरा साइडला व्हा ना. सगल्या पिवल्यात मधीच हिरवा येतंय, फोटो खराब होतोय."

आक्का बाजूला झाली. बाळाराम मटणाच्या पातेल्यांकडे होता, त्याला पत्ताच नव्हता. मला त्या दिपालीच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पाहुणी होते म्हणून गप्प बसले, आणि त्याचा राग मला अजून आहे.

परतताना रिक्षात आक्का फोन उघडून बसली. ती अनारकली काढून तिने माझ्यापुढे धरली. मापांची रांग पार फाइव्ह एक्सेलपर्यंत होती, छाती अठ्ठेचाळीस. "बगलंस? हाय माज्या मापाचा," ती म्हणाली. "तिना सांगताना जीब पन अडकली न्हाय. मी ह्या इसरनार न्हाय, ताई." डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर मला बरं वाटलं असतं.

नऊ दिवसांनी, मंगळवारी सकाळी, नवव्या टेबलावर एक भलं मोठं पोतं आलं. आक्काने पहिलं पाकीट फोडलं आणि तिचा हात थांबला. मोहरीच्या रंगाची अनारकली. दुसऱ्यात तीच, तिसऱ्यात तीच. बिल आतच होतं. नाव दिपालीचं, पत्ता पूर्ण्याचा. परतीचं कारण प्रत्येकावर एकच, 'साईझ बसत नाही'.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाईने सगळ्यांना नटवून हळद नाचवली, टॅग आत दुमडून ठेवायला लावले, आणि आता इस्त्री करून माल परत. रंगही पिवळा निवडलेला. पिवळ्यावर हळद दिसते कुणाला?

आमचा सुपरवायझर हितेश आला. तासाला इतके कपडे झालेच पाहिजेत हा त्याचा धोशा. "क्या आक्का, सगळे क्लीन आहेत, टॅग लावलेत. पास मारा ना."

"हलदीत घातल्यान सगले," आक्का म्हणाली.

"कशावरून? वास तर अत्तराचा येतोय."

आक्का उठली, हात धुवायच्या बेसिनवरचा कपड्यांच्या साबणाचा तुकडा ओला करून घेऊन आली. अनारकलीचा गळा उलटा केला आणि आतल्या शिवणीवर बोटाने साबण लावला. आमच्या डोळ्यांसमोर तो पिवळा भाग लालभडक झाला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे घरात कपडे धुणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं. हितेशच्या घरी बहुधा मशीन धुतं. "अरे, कपड्याचाच रंग असेल तो," तो म्हणाला. आक्काने तोच साबण खाली घेराच्या टोकाला लावला, जिथे हळद पोचणं शक्य नव्हतं. तिथे पिवळा पिवळाच राहिला. हितेश पुढच्या टेबलाकडे वळला.

मग आक्काने एकेक घेतला. गळा, बाही, खांदा. दर वेळी साबण, दर वेळी लाल. रिजेक्ट मालासोबत पुरावा म्हणून फोटो जातात, ते मी काढत गेले, हा माझा वाटा. तिच्या मनगटावर तुळशीचं जुनं गोंदण आहे, ते प्रत्येक फोटोत येत होतं. मी म्हटलं, "आक्का, हात बाजूला घ्या, गोंदण दिसतंय." ती म्हणाली, "र्‍हाऊ दे. दिसू दे तिना."

अकरा रिजेक्ट झाले. पोत्यात अजून एक पाकीट उरलं होतं. ते कुणी फोडलेलंच नव्हतं, कंपनीचं सील तसंच. वर लिहिलेलं होतं, फाइव्ह एक्सेल.

म्हणजे आक्काचा ड्रेस आला होता. सासरा विचारेल म्हणून दिपालीने मागवला असणार आणि फोटोत जाडी बाई नको म्हणून कपाटात दाबून ठेवला असणार. आक्काला हिरव्या साडीत बाजूला उभं करताना तो ड्रेस त्याच घरात होता. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "ह्याच्यावर शाई ओता आणि रिजेक्ट मारा!"

"ह्यानं काय केलाय?" आक्का म्हणाली. तिने सील फोडलं, शिवणी तपासल्या, टेप लावून छाती मोजली. अठ्ठेचाळीस, बरोबर. तिने शांतपणे पास केला. त्या वेळी मला वाटलं ती माघार घेतेय. मी तिला ओळखलंच नव्हतं.

रविवारी मी माझ्या कुर्त्याची बाही सैल करून घ्यायला अंजूरला तिच्याकडे गेले होते. बाहेर गाडी थांबली आणि दारावर थाप पडली. आक्का आतल्या खोलीत कपडे बदलत होती, आतूनच म्हणाली, "ताई, बसव तिना." तिला बरोबर माहीत होतं कोण आलंय. अकरा पाकिटं फोटोंसकट शनिवारी पूर्ण्याला परत पोचली होती.

दिपाली आत आली. चेहरा उतरलेला. ज्या बायकांना तिने 'घाला, मग परत करू' म्हणून सांगितलं होतं त्या सगळ्या आपापले पैसे मागत तिच्या उरावर बसल्या होत्या. माझ्याकडे दुर्लक्ष करून ती आतल्या पडद्याशीच बोलायला लागली. "आक्का, फोटोत तुमचा हात वलखला मी. घरच्या मानसांवर कोन असं करतं का? मी परत पाठवते, तुमी फकस्त पास करा. कोनाला कललं पन न्हाय."

पडदा सरकला. आक्का बाहेर आली ती मोहरीच्या अनारकलीत. पास केल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो सीलबंद आलेला ड्रेस विक्रीला लागला होता, लगीनसराई सरल्यामुळे निम्म्या किमतीत. तिने सगळ्यांसारखाच फोनवरून मागवला होता. खांद्यापासून उभी शिवण, कोपराखाली बाही, जरीचा काठ पायाशी. काय दिसत होती! दिपाली तोंड उघडं टाकून बघत राहिली.

"कसा दिसतंय?" आक्काने विचारलं.

"चांगला," दिपाली कशीबशी म्हणाली.

"मंग काड फोटू. तुज्याच फोननी."

दिपालीने काढला. चांगला आला.

"टाक ग्रुपवर. खाली लिव, आक्काच्या मापाचा गावला."

"आक्का..."

"लिव."

तिने लिहिलं. मी वाकून बघितलं, अक्षर न अक्षर लिहिलं होतं. फोन लगेच टुणटुणायला लागला, अंगठे, फुलं, कुणाचं 'मस्त आक्का'.

"आता तरी ते अकरा पास करशीला ना?" दिपालीने विचारलं.

"न्हाय," आक्का म्हणाली. "त्यांना हलद लागलीय."

तेवढ्यात ग्रुपवर बाळारामचा निरोप आला. दिपालीने वाचला आणि फोन खाली घेतला. आक्काने तिच्या हातातून काढून घेतला, मोठ्याने वाचला, "ह्यो डरेस हलदीला का न्हाय घातलास, आक्का?", आणि फोन परत तिच्या हातात ठेवला.

"तुजा सासरा इचारतंय," ती म्हणाली. "तूच सांग त्याला."