तांबूस उतरलेली बिअर

डेस ट्रेवोरोनं आमच्या कपुंडा गावात तीस वर्षं शाळेची बस चालवली आणि जवळपास तितकीच वर्षं घरामागच्या शेडमध्ये बिअर केली. मी त्याचा शेजारी. मध्ये फक्त पत्र्याचं कुंपण. दोन वर्षांपूर्वी छपराची पन्हळ साफ करताना तो शिडीवरून डोक्यावर पडला. जगला, पण नाक गेलं. लिंबाचा नाही की पेट्रोलचा नाही, कसलाच वास येईना. जेवण म्हणजे नुसतं चावणं झालं. बिअरचं सामान त्यानं झाकून ठेवलं.

यंदा मे महिन्यात मुलीचा, टॅम्सिनचा फोन आला. "बाबा, ऑक्टोबरात लग्न. माझ्या एकविसाव्या वाढदिवसाला केली होतीस ना, फिकट पिवळी, तीच बिअर हवी."

डेस हो म्हणाला आणि त्या दिवसापासून त्याचं एका जागी बसणं संपलं.

पहिली खेप तयार झाली. ग्लासात ओतली, तर कोऱ्या चहासारखी तांबूस. "माल्टचा डबा जुना असणार," म्हणत तो त्या सातूच्या घट्ट पाकाचा ताजा डबा घेऊन आला. नळाचं पाणी जड म्हणून टाकीतलं पावसाचं घेतलं. दुसरी खेप आणखी गडद. दिवसातून दहादा तो कुंपणाशी येई, ग्लास उन्हात धरी.

"चव बघू का?" मी विचारलं.

"चव राहू दे, रंग सांग! मला आता तेवढंच कळतं."

त्याची बायको ग्लेनिस म्हणे, "अरे, दोन घोट पोटात गेल्यावर रंग कोण बघतो?" त्यावर तो दार आपटून निघून जाई.

तिसऱ्या वेळी मी शेडमध्येच होतो, पण सर्दीनं माझं नाक चोंदलेलं. डेस उकळत्या पातेल्यावर वाकून घड्याळ बघत होता. ग्लेनिस वाळलेले कपडे घेऊन अंगणातून चालली होती. ती थबकली.

"डेस, करपतंय!"

"कुठे?"

"कुठे काय? तुझ्या नाकाखाली!"

त्यानं पळी तळाशी घातली. माल्टचा काळा थर वर आला. तो बघतच राहिला. इतकी वर्षं वास जरा बदलला की त्याचा हात आपोआप गॅसकडे जायचा. आपण नाकानं बिअर करतो हे त्याला कधी कळलंच नव्हतं. त्यानं सगळं पातेलं गवतावर उपडं केलं.

"मी उभी राहते ना शेजारी," ग्लेनिस म्हणाली.

"माझ्या शेडमध्ये पहारा नकोय मला."

आठवडाभर तो गावात नुसता गाडी फिरवत होता. कुठे जायचं नसताना दोनदा पेट्रोल भरलं. शनिवारी सकाळी पाहिलं, तर त्यानं गॅसशेजारी खुर्ची मांडली होती आणि ग्लेनिस तिच्यावर विणत बसली होती. या वेळी त्यानं सुरुवातीला पळीभरच माल्ट टाकला. हॉप्सची कडू फुलं त्यातच तासभर उकळली. बाकीचा सगळा माल्ट शेवटी, गॅस बंद करून, म्हणजे तळाला लागायला नको.

"वास?" तो दर दोन मिनिटांनी विचारी.

"चांगला आहे. गप्प बस."

आंबायला पिंपात ओतली तेव्हा बिअर काळपटच दिसली. खोल भांड्यात बिअर गडदच दिसते हे ठाऊक असूनही त्याला महिनाभर चैन पडलं नाही. पहिली बाटली त्यानं उन्हात नेऊन फोडली. ग्लासात मधासारखा पिवळा रंग उतरला. एकविसाव्या वाढदिवसाला होती त्याहून किंचित गडद, पण पिवळी.

लग्नात तो जेवलाच नाही. टेबलाटेबलाला जाऊन विचारत राहिला, "कशी आहे?" सगळे म्हणाले, छान, मस्त, एक नंबर. तो वैतागला. शेवटी ग्लेनिससमोर उभा राहिला.

"तू तरी खरं सांग."

"कडू झालीय जरा."

"हो ना?" तो जवळजवळ ओरडला. "मलाही जिभेवर कडू लागलं! म्हटलं, भास असेल."

तिनं त्याला खाली बसवलं आणि ताट पुढे सरकवलं.